जादा ब्रेक

४ जून

चिंगे,

आधी आशीर्वाद घे, मग बाकीचं. फोन सोडून पत्र का लिहितेय, असं वाटेल तुला. फोनवर तू "हं, हं" करतेस आणि मागे नळ वाहत असतो. म्हणजे तू भांडी घासत असतेस आणि माझं बोलणं मोरीत जातं. पत्र वाचायचं तर निदान हात तरी पुसावे लागतील.

तर आपलं ड्रायव्हिंग स्कूल बरं चाललेलं नाही. पसारा तो केवढा? दोन गाड्या, मी, मास्तर आणि टेबलामागे तुझे काका. पण आता तोही मोठा वाटायला लागलाय. गेल्या वर्षी या दिवसांत बावीस जण शिकत होते, आज नऊ आहेत. त्यातला एक नुसता पेपर वाचायला येतो. पलीकडच्या गल्लीत नवीन शाळा निघालीय. काचेचं दार, चार कोऱ्या गाड्या, गार हवेची खोली आणि भिंतभर पडदा, त्यावर म्हणे बसल्या जागी गाडी चालवता येते. आपल्या भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आहे आणि त्यातलं 'पुढे वळण आहे' वाळवीने खाल्लंय.

काकांचे डोळे अधू झाल्यापासून शिकवणारे मी आणि मास्तर, दोघंच. काका म्हणतात, वर्षअखेरपर्यंत असंच राहिलं तर एक गाडी विकू. गाडी विकायची म्हणजे मास्तरांना नारळ द्यायचा. वीस वर्षं झाली त्यांना आपल्याकडे. तोंडाने फटकळ आहेत, कबूल, पण घरच्यासारखा माणूस. माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

म्हणून मी ठरवलंय की धंदा सुधारायचा, आणि तोही जाणकारांना विचारून. इथेच घोडं अडलंय. सल्ला फुकट असला की पोत्याने मिळतो. तुझे बाबा म्हणाले, शिस्त आणा. शेजारचा शिंपी म्हणाला, दाराची दिशा बदला. मोबाइलवर तर जत्राच आहे. एकजण कॉलरला बारीकसा माइक लावून सांगतो, फी निम्मी करा. दुसरा सांगतो, दुप्पट करा. दोघांच्या मागे पुस्तकांचं कपाट मात्र तेच!

तू दवाखान्यात नव्या औषधांचे आकडे तपासतेस. दहा डॉक्टर दहा गोष्टी सांगतात, त्यातलं खरं कुणाचं ते तुला काढावं लागतं ना? मग मला सांग, मी कुणाचं ऐकू?

काकांनी आशीर्वाद सांगितलेत. पत्र फार लांबलंय, असंही सांगितलंय.

तुझी मावशी


१५ जून

मावशी,

हात पुसून वाचलं. दोनदा.

तू माझ्या कामाचं इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. घरात मी 'दवाखान्यात कारकून' आहे, असाच सगळ्यांचा समज.

आमच्याकडे एखादे डॉक्टर छाती पुढे काढून म्हणतात, या औषधाने सगळे बरे झाले. मी पहिलं विचारते, जे बरे झाले नाहीत ते कुठे आहेत? तुझ्या माइकवाल्याचंही तेच. ज्यांची दुकानं चालली ते त्याच्या शेजारी बसून हसतात. त्याचंच ऐकून ज्यांची बुडाली ते कशाला येतील व्हिडिओ काढायला? तेव्हा कुणीही शहाणा भेटला की सरळ विचार, "तुमचा सल्ला कुणाला लागू पडला नाही?" एकही नाव आठवलं नाही तर नमस्कार कर आणि ऊठ.

आणि तो तुला काही विचारतो का, तेही बघ. नाडी न बघता गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे तू मला लहानपणी कधी नेलं नाहीस. ताप मोजला नाही म्हणून एकाला तर दवाखान्यातच झापलं होतंस, मला अजून आठवतंय. धंद्याच्या बाबतीत एवढी भोळी कशी झालीस गं?

आणि काहीही बदललंस तरी एका वेळी एकच बदल, एकाच गाडीवर. सगळं एकदम केलंस तर गुण कशाचा आणि बाधा कशाची, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

शिंप्याचं मात्र ऐकू नकोस. दार फिरवलंस तर ते थेट त्याच्या दुकानासमोर येईल. तुझी गिऱ्हाइकं बाहेर पडता पडता त्याचं कापड बघतील, एवढाच त्यातला अर्थ.

चिंगी


२ जुलै

चिंगे,

तुझं पत्र पोचायला चार दिवस उशीर झाला. तोवर माझं घोडं सुटलं होतं.

रागावू नकोस, बातमी चांगली आहे. मी माइकवाल्याच्या मोबाइलवरच्या वर्गात नाव घातलं. रोज सकाळी तो आम्हा दोनशे दुकानदारांना एकदम सांगतो, "उठा!" आम्ही उठलेलेच असतो, तरी बरं वाटतं. त्याच्या सांगण्यावरून नवा बोर्ड लावलाय: 'दहा दिवसांत गाडी, नाहीतर पुन्हा शिकवू, अगदी मोफत!' बोर्ड पिवळा आणि अक्षरं लाल. तुझे काका म्हणाले, "मला एवढंच दिसतं आता, आणि हे दिसलं नसतं तरी चाललं असतं."

शिकवणाऱ्याने सतत हसतमुख असावं, असं त्याचं दुसरं सूत्र. म्हणून मास्तरांना पिवळी टोपी आणली. गाडीत बसणाऱ्याला म्हणायचं वाक्यही ठरवलं: "आपला प्रवास, आमचं हसू!" मास्तरांनी ते पहिल्या दिवशी एका मुलीला असं म्हटलं, की तिने घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

पण चिंगे, एका आठवड्यात चौदा नवीन नावं! चौदा! गल्लीच्या तोंडापर्यंत रांग होती. काचेच्या दारातून त्यांचा मॅनेजर बघत होता, मी मुद्दाम दोनदा तिकडून गेले. सकाळी सहापासून गाड्या फिरताहेत. जेवायला वेळ नाही. बऱ्याच दिवसांनी अशी दमले, आणि दमायला काय मजा येते गं!

तुझे प्रश्न शहाणपणाचे आहेत. पुढच्या वेळी नक्की विचारीन.

मावशी


१० जुलै

मावशी,

चौदा जण आले, याचा आनंद आहेच. पण दहा दिवसांत गाडी येते का गं? तूच म्हणायचीस, गाडी हातापायांत मुरावी लागते.

माझ्या माहितीतली एक मुलगी आहे. इथे तिने एकतीस वेळा शिकवणी घेतली, तरी चढावर गाडी बंद पडते. तिचा शिकवणारा कानाशी एवढा ओरडतो, की सिग्नल हिरवा झाला तरी ती दगडासारखी बसून राहते. परीक्षेत दोनदा नापास झालीय. हुशार आहे हो तशी. म्हणून मला वाटतं, मास्तरांना टोपी घालण्यापेक्षा त्यांचा आवाज कमी कर.

आणि कसे आहेत मास्तर? तू त्यांच्याबद्दल फक्त विनोद लिहिलेस.

चिंगी


१६ ऑगस्ट

चिंगे,

महिनाभर पत्र नाही, तुझे तीन फोन आले आणि तीनही वेळा काकांनी "सगळं ठीक" सांगितलं. मीच सांगायला लावलं होतं. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे तुला कळलंच असेल.

चौदातले अकरा नापास झाले. एकाने परीक्षेच्या मैदानावर राखणदाराची खुर्ची उडवली. राखणदार चहाला गेला होता म्हणून बरं, नाहीतर मी आज हे पत्र वेगळ्याच ठिकाणाहून लिहीत असते. बोर्डावर 'पुन्हा शिकवू, मोफत' असल्यामुळे अकराही जण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. दोन्ही गाड्या त्यांनीच भरल्या. नवीन कुणी आलं तर बसवायचं कुठे?

आणि मास्तर गेले.

भांडण माझ्याकडून झालं. नापासांची यादी हातात होती, डोकं फिरलं होतं. माइकवाल्याचं एक वाक्य तोंडात बसलं होतं, तेच बाहेर आलं. म्हटलं, "मास्तर, जुन्या पद्धतीने नवा धंदा होत नाही." त्यांनी टोपी काढली, नीट घडी करून गाडीच्या टपावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, मी गाडी शिकवतो. हसू विकायचं असेल तर दुसरा माणूस बघा." गेले ते गेलेच. त्यांची पाण्याची बाटली अजून टेबलावर आहे. काका ती रोज विसळून ठेवतात.

माइकवाल्याच्या वर्गात मी सगळं सांगितलं. उत्तर आलं, "अभिनंदन! अपयश ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीचा वर्ग सोमवारपासून." मग तुझं पत्र काढलं आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तुमचा सल्ला कुणाला लागू पडला नाही? पाच मिनिटांत मला त्या दोनशे जणांतून बाहेर काढलं. चला, उत्तर तर मिळालं.

त्यानंतरची गोष्ट ऐक. नापास पोरांना घेऊन पुन्हा मैदानावर गेले होते. तिथे कडेच्या बाकावर एक बाई रोज सकाळी येऊन बसतात. बारीकशा, पांढरे केस, बरोबर स्वतःची उशी. राखणदाराने सांगितलं की या इथल्या जुन्या परीक्षकबाई, सव्वीस वर्षं लोकांना पास-नापास केलं. आता निवृत्त झाल्यात, पण घरी करमत नाही. मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, "बाई, माझी मुलं का हो नापास होतात?"

त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? तुम्ही शिकवता कसं, ते मी कुठे पाहिलंय?"

चिंगे, जूनपासून मी सतरा शहाण्यांना विचारलं. 'मला माहीत नाही' म्हणणारी ही पहिली! मी तिथल्या तिथे विचारलं, "मग बघायला याल का?" तर म्हणाल्या, "मागच्या सीटवर बसेन. खिडकी उघडी ठेवायची आणि माझ्याशी बोलायचं नाही."

सोमवारी येताहेत. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय.

मावशी


२४ ऑगस्ट

मावशी,

खुर्चीचं वाचून हसले आणि मास्तरांचं वाचून हसू थांबलं.

परीक्षकबाई मला आवडल्या. तरी एक सांगते. त्यांना गाडीतलं कळतं, पण दुकानातलं कळेलच असं नाही. बोर्डाचा रंग त्यांना विचारू नकोस. ज्याचं त्याला विचारावं.

आणखी एक काम कर. काकांची नावनोंदणीची वही आहे ना, तिच्यावरून गेल्या दोन वर्षांचा तक्ता काढ. किती जण शिकायला आले, किती परीक्षेला बसले, पहिल्या फटक्यात पास किती झाले. आणि मुख्य म्हणजे, त्यांना शिकवलं कुणी. तुझे आणि मास्तरांचे वेगवेगळे लिही.

खरं सांगू? मास्तर गेले ते एका परीने बरंच झालं, असं मला वाटतं. माणूस कितीही घरचा असला तरी ओरडणाऱ्याच्या हाताखाली कुणी शिकत नाही. भीतीने पाय गारठतात. आकडेही हेच सांगतील, बघ. तुझी मुलं पास असतील आणि त्यांची नापास.

चिंगी


१५ सप्टेंबर

चिंगे,

बस खाली. पाणी घे. मी घेतलंय.

परीक्षकबाई तीन दिवस माझ्या गाडीत मागे बसल्या. उशीवर ताठ, हातात पेन्सिल, तोंडातून शब्द नाही. मी आपली नेहमीसारखी शिकवत होते. "शाब्बास", "वा, छान वळवलीस", "घाबरू नकोस राजा, मी आहे ना!" मनात म्हणत होते, बघा म्हणावं, याला म्हणतात शिकवणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी दुकानासमोर लावली. शिकणारा उतरून गेला. बाईंनी कागद पुढे केला. त्यावर नुसत्या उभ्या रेघा, पाचाच्या जुड्या करून. मी विचारलं, "या त्याच्या चुका?"

"नाही," बाई म्हणाल्या, "हे तुमचे पाय आहेत."

आपल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो, तुला माहीत आहे. अडीअडचणीसाठी. तर म्हणे, एका तासात मी तो त्रेसष्ट वेळा दाबला! समोर मांजर दिसलं, दाबला. सिग्नल पिवळा झाला, दाबला. वळण आलं, हळूच दाबला. मला पत्ताही नाही. शिकणाऱ्यालाही नाही. त्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. आणि परीक्षेला बसला की शेजारी परीक्षक हाताची घडी घालून बसलेला. गाडी थांबत नाही, आणि का थांबत नाही ते पोराला कळत नाही.

"तुमचे पाय फार प्रेमळ आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांनी कुणाला शिकू दिलेलं नाही."

आत जाऊन दोन भांडी पाणी प्यायले. मग तुझा तक्ता करायला बसलो. काका भिंग धरून नावं वाचत होते, मी लिहीत होते. माझ्याकडे अठ्ठावन्न आले, पंचावन्न परीक्षेला बसले आणि पहिल्या फटक्यात पास झाले एकवीस. मास्तरांकडे एकसष्ट आले, परीक्षेला बसले अडतीस, त्यातले पास तेहेतीस!

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही, कारण तुझा निरोप घेताना ती नापास पोरंसुद्धा रडायची." खरंच आहे. मला पेढ्याच्या पेट्या येतात आणि मास्तरांना साधा नमस्कार नाही. मी दोन वर्षं पेढे मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेले. तीन जिने चढून. पंखा उघडून जमिनीवर पसरून बसले होते. वर बघितलं आणि म्हणाले, "टोपी आणलीत का?"

"नाही."

"मग या."

मी त्यांना कागद दाखवला, रेघांचा आणि तक्त्याचाही. म्हटलं, "मास्तर, चुकलं माझं. तुमची पद्धत जुनी नव्हती, माझीच खोटी होती." त्यांनी तक्ता ओळीवर बोट ठेवून वाचला. मला वाटलं, आता सुनावतील, आणि ऐकून घ्यायची तयारीही होती. तर ते म्हणाले, "वहिनी, ही एकसष्टातली तेवीस माणसं कुठे गेली हो?"

म्हणजे बघ, माझी चूक पचवायला मला अख्खी रात्र लागली आणि या माणसाने स्वतःची चूक स्वतः बोट ठेवून काढली. तेवीस जण परीक्षेआधीच पळाले होते. त्यांच्या तोंडाला घाबरून. अलीकडचे तर बहुतेक सगळे काचेच्या दारात.

सोमवारपासून मास्तर कामावर आहेत. परीक्षकबाई आता त्यांच्या मागे बसतात. आणि माझ्या उजव्या घोट्याला बाईंनी मांजराच्या गळ्यातली घंटी बांधलीय. ब्रेककडे पाय गेला की वाजते. पहिल्या दिवशी गाडी देवळासारखी वाजत होती. काल नऊ वेळा.

मावशी


२३ सप्टेंबर

मावशी,

मी चुकले. आकडे यायच्या आधीच मी आकड्यांचं उत्तर सांगून टाकलं होतं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. माइकवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्यामागे पुस्तकांचं कपाट नाही. मास्तरांची माझ्या वतीने माफी माग. नको, मीच मागेन.

असं का झालं तेही सांगते. माझ्या माहितीतली ती मुलगी मीच. एकतीस शिकवण्या आणि दोन नापास, सगळं माझंच. ड्रायव्हिंग स्कूलवालीची भाची, आणि चढावर गाडी बंद पाडते! तुला कुठल्या तोंडाने सांगू? इथला शिकवणारा माझ्या कानाशी ओरडतो, म्हणून जगातला प्रत्येक ओरडणारा मला तोच वाटला. मी मास्तरांबद्दल लिहीतच नव्हते, माझ्या रागाबद्दल लिहीत होते.

ऑफिसने माझी आमच्या दुसऱ्या दवाखान्यात बदली केलीय. बस जात नाही. नवीन वर्षापासून गाडी यायलाच हवी, नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला देतील.

हसू नकोस. किंवा हस, पण काकांना सांगू नकोस.

चिंगी


२९ सप्टेंबर

कार्टे,

काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी वहीत तुझं नाव घातलं.

मला न सांगता परक्याच्या गाडीत एकतीस दिवस रडलीस, याचं वाईट वाटलं. मग वाटलं, माझ्याकडे आली असतीस तर मी तुझे सगळे ब्रेक मीच दाबले असते आणि तू चाळीस वेळा नापास झाली असतीस.

ऑक्टोबरात रजा काढ. बारा दिवस. ये.

मावशी


५ डिसेंबर

चिंगे,

तू गेल्यापासून मागची खोली मोकळी मोकळी वाटते. मास्तर दोनदा म्हणाले, "पोरीचा क्लच आता ऐकतो." त्यांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून भाषण.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून एकोणीस जण परीक्षेला बसले, पंधरा पास. नापास चौघांतले तीन माझे, एक मास्तरांचा. म्हणजे पाय अजून पुरते सुधारलेले नाहीत. पण घंटी काढलीय, कारण एका आजोबांना वाटलं, गाडीत काहीतरी सुटलंय. मास्तरांच्या हाताखालून दोन महिन्यांत दोघंच पळाले. आता रागावले की ते खिडकीबाहेर बघून गाडीला बोलतात, शिकणाऱ्याला नाही. त्या गाडीने काय काय ऐकलंय, बिचारीने!

शिकायला सव्वीस जण आहेत. पलीकडची काचेची शाळाही चाललीय, चालू दे, गावात माणसं पुष्कळ आहेत. गाडी विकायचं काकांनी परवा स्वतःहून रद्द केलं. म्हणजे त्यांनी असं म्हटलं नाही. त्यांनी नव्या टायरची चौकशी केली.

तू जाताना विचारलं होतंस, शेवटी कुणाचं ऐकलं. सगळ्यांचं, पण कुणाचंच पुरतं नाही. परीक्षकबाईंनी मध्ये सांगितलं की संध्याकाळची शिकवणी बंद करा, तेव्हा रस्त्यावर गर्दी असते. मी म्हटलं, "बाई, संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं येतात. त्यांना दुसरा वेळ नाही, आणि पुढे जन्मभर चालवायचंय त्याच गर्दीत." बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "ते तुम्हाला कळतं." माणूस मोठा कसा असतो ते मला तेव्हा दिसलं. आणि त्या माइकवाल्याचंही एक ठेवलंय. शिकवणीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला आठवणीचा निरोप पाठवायचा. त्याने खाडे निम्मे झाले. द्यायचं तेवढं श्रेय द्यावं. पिवळा बोर्ड मात्र उतरवला. त्याच्या मागच्या बाजूला शिंपी कापड बेततो.

तुझी परीक्षा कधी आहे ते तू लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही. (कधी आहे?)

मावशी


१३ डिसेंबर

मावशी,

काल होती.

सकाळी चावी दोनदा पडली. परीक्षक अगदी मख्ख चेहऱ्याचे. शेजारी बसून त्यांनी हाताची घडी घातली, आणि मी पाहिलं, त्यांच्या पायाशी काहीच नव्हतं. नुसती सपाट जमीन. वाटलं होतं, घाम फुटेल. पण उलटंच झालं. वाटलं, बरं आहे, आता जे होईल ते माझंच.

चढावर गाडी बंद पडली. हो, पडली. मागे एक ट्रक उभा राहून भोंगा वाजवायला लागला. मी हातब्रेक ओढला, श्वास घेतला, पुन्हा चालू केली. मास्तरांनी शिकवलं होतं तसा क्लच सोडला, जिना उतरल्यासारखा, एकेक पायरी. गाडी तसूभरही मागे न जाता वर निघाली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. वर पोचल्यावर म्हणाले, "बंद सगळ्यांचीच पडते. पुढे काय करतात ते मी बघतो."

पास.

दवाखान्यात मी सगळ्यांना सांगितलं, लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही. माझ्या वरिष्ठांनी विचारलं, "कितव्या प्रयत्नात?" मी म्हटलं, "तिसऱ्या." पूर्वी हा आकडा मी लपवला असता.

मैत्रिणीने तिची जुनी गाडी रविवारपर्यंत मला दिलीय. आता खाली उभी आहे, खिडकीतून दिसतेय. हे पत्र मी तिच्यातूनच पोस्टाच्या पेटीपर्यंत नेणार आहे. पेटी घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. मला तासभर लागेल, कारण मी सगळ्यात लांबच्या रस्त्याने जाणार आहे.

चिंगी